ज्याची ओ खटकली

नेमणुकीच्या आदेशात हाळीकाकांचे पद 'प्रतीक्षालय परिचर' असे नोंदलेले आहे. त्या पदनामाने त्यांना ओळखणारा एकही माणूस मला तीन महिन्यांत भेटला नाही. हाळी म्हणजे लांबून मारलेली हाक. आणि आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी आठ ते दुपारी दोन या वेळेत हाका मारणे हे काकांचे बावीस वर्षांचे काम. आवाज भरदार होता, पण कर्कश नव्हता. ज्याच्यासाठी निघाला त्याच्यापर्यंत पोहोचून तो तिथेच थांबत असे.

मी त्या केंद्रात गेले ती त्यांना मोजायलाच. आरोग्य खात्याला जाणून घ्यायचे होते की चिठ्ठी काढल्यापासून डॉक्टरांसमोर बसेपर्यंत रुग्णाचा किती वेळ जातो, आणि तो कमी कसा होईल. भिंतीवर आकडे दाखवणारा विजेचा फलक मंजूर झालेला होता. फलक आल्यावर हाका मारणाऱ्या माणसाची गरज उरते का, याचे उत्तर माझ्या अहवालाच्या शेवटच्या पानावर एका वाक्यात द्यायचे होते. उत्तर 'नाही' असे आले, तर काकांची बदली तळघरातल्या भांडारात होणार होती, कापूस आणि पट्ट्यांच्या खोक्यांमध्ये. निवृत्तीला सहा वर्षे बाकी होती. हे सगळे काकांना ठाऊक होते, आणि त्यांनी ते पहिल्याच दिवशी बोलून टाकले.

"या, घड्याळबाई! माझं माप घ्यायला आलात ना? गळ्याचं घ्या, कंबरेचं राहू द्या."

"माप तुमचं नाही काका, वेळेचं आहे."

"एकूण एकच. पण एवढं लिहून ठेवा की खोक्यांना हाका मारून उपयोग नाही. ओ कोण देणार?"

मी ते वाक्य टिपले. पुरावा म्हणून त्याचे मूल्य शून्य होते.

प्रतीक्षालय म्हणजे जमिनीला स्क्रूने जखडलेले सहा लांब बाक, चिठ्ठीची खिडकी, तपासणीच्या दोन खोल्या, आणि काटा दोन किलोच्या खाली कधीच न येणारा वजनकाटा. रुग्णाचे नाव मोठ्याने पुकारायचे नाही, असा नियम आहे. कोण कशासाठी आले आहे हे चारचौघांत कळू नये म्हणून. म्हणून काका आकडा पुकारत आणि माणूस आपल्या शब्दांनी रंगवत. दर पाव तासाने ते वही घेऊन दारापासून खिडकीपर्यंत एक फेरी मारत.

"सत्तेचाळीस! निळ्या छत्रीच्या वहिनी, ओ द्या!"

"ओ!"

"अठ्ठेचाळीस! आजोबा, पेपर खाली, मान वर!"

"ओऽ! बहिरा नाही रे मी."

"बहिरे असतात तर जवळ येऊन बोललो असतो. एकोणपन्नास! हिरवा शर्ट! इस्त्री छान आहे, ओ द्या!"

मी ही हजेरी समजले. कंटाळून कोण निघून गेले हे पाहण्याची सोय, इतकेच. आणि हजेरी घेणे हे फलकालाही जमवता येण्यासारखे काम होते. तसे मी लिहूनही ठेवले.

घोटाळा दुसऱ्याच गोष्टीत दिसला. क्रमाने सत्तेचाळीस आत जायला हवा, तेव्हा काका एकसष्टला आत पाठवत. पहिल्या आठवड्यातच असे सतरा प्रकार माझ्या कागदावर आले. लोक फारशी तक्रार करत नसत. एखादी वहिनी मात्र करवादायची.

"आम्ही काय भिंत पडू नये म्हणून टेकून बसलोय?"

"टेका की, वहिनी. पडलीच तर खात्याला तुमच्या नावानं कळवू."

हशा होई आणि एकसष्ट नंबर तोवर आत गेलेला असे. मी मात्र हसले नाही. रांग मोडणारा माणूस लोकप्रिय असेल, तर त्याच्याकडे दुप्पट संशयाने पाहावे, असे माझे मत होते.

मी त्यांच्या वह्या मागितल्या. त्यांनी लगेच दिल्या. प्रत्येक पानावर चिठ्ठीचे आकडे, वेळ, आणि बहुतेकांपुढे बरोबरची खूण. मोजक्याच आकड्यांपुढे मात्र एक अक्षर होते, 'ओ'. मी ती पाने माझ्या नोंदींशी ताडून पाहिली. रांग मोडून आत गेलेल्या सतराच्या सतरा जणांपुढे 'ओ' होते. माझ्या दृष्टीने कोडे सुटले. 'ओ' म्हणजे 'ओळखीचा'. हा माणूस ओळखीच्या लोकांना पुढे घालत होता आणि त्याची प्रामाणिकपणे नोंदही ठेवत होता. ताकाला जाऊन भांडे लपवायचेही त्याला सुचले नव्हते.

मी मसुद्यात लिहिले, 'क्रमभंगाचे कारण वैयक्तिक ओळख असल्याचे परिचराच्या स्वतःच्या नोंदींवरून दिसते.' वाक्य मला फार आवडले होते.

आमच्या कामाचा एक नियम असा, की ज्याच्याविषयी निष्कर्ष काढला त्याला तो आधी वाचून दाखवायचा. दुपारी दोननंतर बाक रिकामे झाल्यावर मी काकांना ते वाक्य वाचून दाखवले. चिठ्ठीच्या खिडकीवरच्या बाई, ज्यांना सगळे खिडकीताई म्हणत, आतून ऐकत होत्या. काकांचे खांदे हलायला लागले, आणि शेवटी ते बाकावर बसून डोळे पुसू लागले. रडत नव्हते, हसू आवरत नव्हते.

"ओळख? अहो बाई, बावीस वर्षं इथं बोंबलतोय मी. मला कोण ओळखत नाही? ओळखीवर आत सोडायचं म्हटलं तर सगळा बाकच उचलून आत ठेवावा लागेल!"

"मग 'ओ' म्हणजे काय?"

"ओ म्हणजे ओ! मी हाक मारतो, माणूस ओ देतो. ज्याची ओ खटकली, त्याच्यापुढं ओ."

"खटकली म्हणजे?"

"आता कसं सांगू? कुणाची अर्ध्यात तुटते. कुणी ओ द्यायला आधी श्वास गोळा करतो. कुणाची ओ चांगली खणखणीत असते, पण उशिरा येते, जसं काही घरातून कोणीतरी उठून दाराशी आलं. अशांना बसवून ठेवायचं नसतं."

खिडकीतून आवाज आला, "काका, चिठ्ठीवर लिहून द्या त्यांना. बाईंचा तोंडी विश्वास नाही."

"नाहीच बसणार! माझ्याकडं पुरावा म्हणजे हाक, कागद थोडाच आहे."

खिडकीताईंचे म्हणणे बरोबर होते. चांगली कहाणी ऐकली की माझी शंका कमी होण्याऐवजी वाढते. मी मसुद्यातले वाक्य खोडले नाही. त्याच्या शेजारी प्रश्नचिन्ह घातले. पण ते वाक्य बेफिकिरीने लिहिले होते, हे त्याच दुपारी मला कबूल करावे लागले. एका अक्षराचा अर्थ लावण्यापूर्वी मी ते लिहिणाऱ्यालाच विचारले नव्हते.

जुन्या वह्या पाहायला मी त्यांच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेला एकच गणवेश. पलंगाखालून काकांनी एक खोके ओढले. त्यात सत्तेचाळीस वह्या होत्या, दर वर्षाच्या वह्यांना पट्टीच्या कापडाची गाठ. इतकी नीट लावलेली कागदपत्रे मी मोठ्या कचेऱ्यांतही पाहिलेली नाहीत. मी गाठी सोडत असताना काका आपली हकीकत सांगू लागले. केंद्रात येण्यापूर्वी आठ वर्षे ते टेलिफोन कार्यालयात होते. कानाला यंत्र लावून गावोगावचे फोन जोडत. माणूस दिसायचा नाही, आवाजच दिसायचा. सासूशी बोलणारा, साहेबाशी बोलणारा, दवाखान्याचा नंबर मागणारा, प्रत्येकाचा पहिला शब्द ऐकला की पुढचे कळे. मग आपोआप फोन जोडणारे यंत्र आले आणि ते खुर्चीवरून उठले.

"कानामागून आलं आणि तिखट झालं," काका म्हणाले. "आता इथंही तेच. आयुष्यात दुसऱ्यांदा मशिनच्या पुढं उभा आहे. पण तेव्हा माझ्या जागी मशिन आलं तर कुणाचं काही बिघडलं नाही, हे मान्य. इथं बिघडेल, असं मला वाटतं. खरं-खोटं तुम्ही बघा."

आतल्या खोलीतून काकूंची हाक आली. "अहो!" काका वही चाळत राहिले. "अहो, ऐकलंत का?" पान उलटले. "अहोऽ!"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराला हात पुसत त्यांनी मला विचारले, "तुमच्या त्या अहवालात एवढं एक घालता का? हा माणूस दिवसाला नव्वद लोकांची ओ ऐकतो, आणि घरात दहा हाका मारल्या तर एकदा ओ देत नाही."

"अगं, तुझा आवाज ठणठणीत आहे म्हणून काळजी वाटत नाही."

"बघा! आणि हे शहाणे म्हणे कानाचे!"

चहा देताना काकूंनी बशीवर चमचा आपटला, पण हसतच.

पुढचे तीन आठवडे मी केंद्राच्या नोंदखोलीत काढले. काकांच्या गेल्या तीन महिन्यांच्या वह्या एका बाजूला आणि डॉक्टरांनी लिहिलेले केसपेपर दुसऱ्या बाजूला. एक धोका उघड होता. रांग मोडून आत आलेला रुग्ण डॉक्टरांना आपसूकच गंभीर वाटू शकतो. म्हणून डॉक्टरांचे मत मी बाजूला ठेवले आणि परिचारिकेने नोंदलेले आकडे तेवढे घेतले: मिनिटाला श्वास किती, रक्तातला प्राणवायू किती. ते आकडे कुणाच्या भिडेला बळी पडत नाहीत.

काका हजर होते त्या चोपन्न दिवसांत चार हजार सहाशे चाळीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यांपैकी दोनशे बारा जणांपुढे 'ओ' होते. आकड्यांच्या कसोटीवर त्यांतले एकशे एकतीस खरोखरच ताबडतोब पाहण्याजोगे निघाले, आणि ते सरासरी अकरा मिनिटांत आत गेलेले होते. काका नऊ दिवस रजेवर होते. त्या दिवसांत तशाच अवस्थेतले पस्तीस रुग्ण आले. ते सरासरी बावन्न मिनिटे बाकावर बसून राहिले होते, सगळे आपापल्या क्रमाने, अत्यंत न्याय्य रीतीने.

ती बेरीज मी तीनदा केली. तिसऱ्यांदा तीच आली, तेव्हा मी मसुद्यातले माझे आवडते वाक्य आडव्या रेघेने खोडले. कागद फाडला नाही. चूकही जपून ठेवण्याजोगी नोंद असते.

पण काकांचे कान म्हणजे चमत्कार नव्हते, हेही तितकेच लिहिणे भाग होते. एक्क्याऐंशी वेळा त्यांची खूण फुकट गेली होती, आणि त्यांतल्या एकोणीस वेळा एकच आजी होत्या. कण्हत कण्हत ओ द्यायच्या, पहिल्या आत जायच्या आणि गुडघ्याचे मलम घेऊन तरातरा बाहेर पडायच्या. मी यादी दाखवताच काका म्हणाले, "ठाऊक आहे मला. पट्टीची नाटकी बाई! पण विसाव्या वेळी खरंच असलं तर? त्यापेक्षा मी एकोणीसदा मूर्ख ठरलो, ते बरं."

दुसरी यादी त्यांनी हसून घेतली नाही. चौऱ्याहत्तर रुग्ण असे होते, की ज्यांची अवस्था वाईट होती आणि काकांनी त्यांच्यापुढे बरोबरची खूण केली होती. ते बराच वेळ एकेका आकड्यावर बोट ठेवत राहिले.

"एवढे सुटले माझ्याकडनं?"

"इथे एक गोष्ट आहे, काका. केसपेपरवर 'सोबत कोण' असा रकाना असतो. तुम्ही पकडलेल्या दोनशे बारांपैकी फक्त तेवीस जणांसोबत कुणी होतं. या चौऱ्याहत्तरांत मात्र बावन्न जणांसोबत होतं. मुलगी, सून, नवरा, बायको. याचा अर्थ मला लागत नाही."

काकांनी कपाळावर हात मारला. इतक्या जोरात, की खिडकीताईंनी खिडकी उघडली.

"अहो, ओ मुलगी देते! बाप बसलेला असतो, मी हाक मारतो, आणि मुलगी म्हणते 'ओ'. तिची ओ चांगलीच असणार, धडधाकट पोरगी ती! बावीस वर्षं मी भलत्याच माणसांच्या ओ ऐकत बसलो!"

त्यांना दुःख झाले असेल, असे मला वाटले होते. पण दोनच मिनिटांत ते उठून येरझाऱ्या घालू लागले. कुलपाची हरवलेली किल्ली सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. "नियमच करू," ते म्हणाले, "ज्याची चिठ्ठी, त्याची ओ. ज्याला ऐकू येत नाही किंवा बोलता येत नाही, त्यानं हात वर करायचा. मी जवळ जाईन. लिहा, बाई, लिहा!"

मी लिहिले. केंद्राच्या मुख्य डॉक्टरबाईंनी आकडे दोनदा तपासले, भुवया उंचावल्या आणि चार आठवड्यांच्या प्रयोगाला संमती दिली. फलकही लावायचा आणि काकांनी हाकही मारायची. निर्णय आकडे बघून.

फलक लागला. लाल आकडे सुरेख दिसत. काकांनी त्याच्याशी पहिल्याच दिवशी सलोखा केला. "तू आकडे सांभाळ, मी माणसं बघतो," असे ते त्याला सगळ्यांदेखत म्हणाले. आता आकडा पुकारण्यात त्यांचा वेळ जात नसे, त्यामुळे फेऱ्या वाढल्या. आणि नव्या नियमाने प्रतीक्षालयात रोज एक करमणूक सुरू झाली.

"तेहतीस! करड्या टोपीचे दादा, ओ द्या!"

"ओ!" शेजारच्या वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, तुमची नको. दादांची."

"त्यांचं सगळं मीच बोलते."

"घरी बोला. इथं खात्याचा नियम आहे."

"अहो, द्या की एकदाची ओ! लोक थांबलेत!"

दादांनी मान वर केली, ओठ उघडले, छातीत हवा भरायचा प्रयत्न केला, आणि 'ओ'च्या जागी शिट्टीसारखा बारीक आवाज आला. काकांनी वहीत लिहिलेही नाही. त्यांनी दादांच्या काखेत हात घातला आणि थेट आत नेले. त्यांचा प्राणवायूचा आकडा मी नंतर पाहिला. तो वाचून मी पेन खाली ठेवले. तासाभराने दादा नाकाला नळी लावून पलंगावर बसलेले होते आणि वहिनी बाहेर येऊन काकांपुढे उभ्या राहिल्या.

"बावीस वर्षं झाली लग्नाला. मी यांना बोलूच दिलं नाही हो."

"आता द्या," काका म्हणाले. "पण एकदम सगळं नको. आज फक्त ओ."

वहिनी डोळे पुसता पुसता हसू लागल्या, आणि अख्खा बाक त्यांच्याबरोबर.

चार आठवड्यांनी आकडे मांडले. सुटलेले रुग्ण आठवड्याला सात-आठच्या आसपास असत, ते तीनवर आले होते. शेवटच्या पानावरचे वाक्य मी साधे लिहिले: फलक ठेवावा, हाक बंद करू नये. खात्याचा आदेश महिन्याभरात आला. तो काकांनी खिडकीताईंकडून वाचून घेतला, कारण चष्मा घरी राहिला होता.

"'प्रतीक्षारत रुग्णांच्या मौखिक प्रतिसादाचे नियतकालिक निरीक्षण सुरू ठेवावे.'"

"म्हणजे?"

"म्हणजे ओ, काका."

"मग तसं लिहायचं की! केवढी शाई वाया!"

आदेशात पुढे आणखी एक ओळ होती: त्यांनी दोन तरुण परिचारिकांना हे काम शिकवावे, म्हणजे रजेच्या दिवशी कुणाची गैरसोय होणार नाही. बदलीचा उल्लेख कुठेच नव्हता. खिडकीताईंनी तो कागद उलटून मागची बाजूही बघितली, आणि मग दोघांनी मिळून तिसऱ्यांदा पुढची बाजू वाचली.

शिकवणीच्या दिवसांत मीही वही घेऊन बाकावर बसे. काकांचा पहिला धडा असा: "पहिले चार दिवस हाक मारायची नाही. नुसतं ऐकायचं. आपला आवाज आपल्याला फार आवडतो, तो आधी बाजूला ठेवा." त्या दोघी कंटाळल्या, हसल्या, एकमेकींना ओ देऊन चाचण्या घेऊ लागल्या. प्रत्येकीकडे स्वतंत्र कागद असे. फेरी संपली की तिघांच्या खुणा ताडून बघायच्या, ही पद्धत मी घालून दिली. पहिल्या आठवड्यात दोघींच्या खुणा निव्वळ अंदाजपंचे होत्या. काका कुणालाही रागावले नाहीत. "मलाही पहिली दोन वर्षं सगळ्यांची ओ सारखीच वाटायची," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, अठ्ठावीस क्रमांकाच्या एका मावशींनी ठसठशीत ओ दिली. काकांनी बरोबरची खूण केली. थोरल्या परिचारिकेनेही केली. धाकटी मात्र पेन हातात धरून घुटमळली, आणि तिने हळूच 'ओ' लिहिले.

"का गं?" काकांनी विचारले. "चांगली तर दिली."

"दिली चांगली. पण काका, त्यांनी दुसऱ्याच दिशेला बघून दिली. तुम्ही उजवीकडे होतात."

काका मावशींजवळ गेले, वाकून दोन शब्द बोलले, आणि त्यांना आधार देत आत घेऊन गेले. आतून परिचारिकेने आकडे सांगितले, तेव्हा मी ते ऐकले: साखर इतकी खाली गेलेली, की मावशींना समोरचे धड दिसत नव्हते.

काका बाहेर आले ते जवळजवळ धावतच. त्यांनी आपल्या वहीतली खूण ठळक रेघेने खोडली, शेजारी 'ओ' लिहिले, आणि साऱ्या प्रतीक्षालयाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले, "ऐका हो! माझं चुकलं आणि हिचं बरोबर आलं!"

धाकटी लाजून खाली बघू लागली. बाकावरच्या एका आजोबांनी विचारले, "चुकलं तर एवढं नाचायला काय झालं, काका?"

"तुम्हाला नाही कळायचं," काका म्हणाले, आणि पुढच्या फेरीची वही त्यांनी तिच्या हातात दिली.